ओझ्याला हात

पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन माणूस फळीवरून ट्रकमध्ये चढतो, थप्पी लावतो, उतरतो, पुन्हा चढतो. पण तीच गोणी जमिनीवरून पाठीवर घ्यायची म्हटले तर एकट्याला जमत नाही. दोघे गोणीचे कान धरून उचलतात आणि तिसरा वाकून पाठ देतो. ‘हात लाव रे’ अशी हाक आली की जवळ जो असेल तो चहाचा पेला खाली ठेवून धावतो. हात लावणाऱ्याची मजुरी वेगळी मोजली जात नाही, कारण थोड्या वेळाने त्यालाही हात लागणार असतो.

वाशीच्या बाजार आवारात मी हे लहानपणापासून पाहत आलो. माझे मामा इथे माथाडी हमाल होते. यंदा पावसाळ्यात मी पुन्हा इथल्या पहाटा पाहिल्या, त्या एका प्रश्नासाठी. माणसे स्वतःचा धंदा का सुरू करतात? चालती नोकरी सोडून, किंवा नोकरी मिळत नाही म्हणून, किंवा दुसरे काही सुचतच नाही म्हणून, माणूस घरातली शिल्लक काढून दुकानाचे डिपॉझिट भरतो, तेव्हा त्याच्या मनात नेमके काय असते?

ह्या प्रश्नासाठी वाशीसारखी जागा शोधून सापडणार नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा इथे खाडी, मिठागरे, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला. मुंबईतल्या मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट भागातले घाऊक बाजार एकेक करून इकडे आणायचे ठरले. १९७७ मध्ये मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती झाली, १९८० च्या दशकात कांदा-बटाट्याचा बाजार इथे रुजला, पुढच्या दशकात मसाला आणि धान्य आले, १९९६ मध्ये भाजी आणि फळे. मधे १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचली. जागा तुर्भ्याच्या अंगाला आहे, पण सारा महाराष्ट्र तिला ‘वाशी मार्केट’च म्हणतो. एका पिढीत एवढे धंदे एकाच ठिकाणी नव्याने मांडले गेले, म्हणून ही जागा.

भाजी बाजारात पहाटे तीनला ट्रक लागलेले असतात. जुन्नर, नाशिक, सातारा, कर्नाटक. दादरपासून वसईपर्यंतचे भाजीवाले तिघा-चौघांत मिळून एक टेम्पो ठरवून येतात. त्यांच्यामधून सायकलवर चहाची किटली घेऊन पोरे फिरतात. आडत्या गाळ्यावर उंच बसून पट्टी लिहितो. मालक कोण, असे विचारले तर हे सगळेच मालक. सरकारी मोजणीही त्यांना एकाच रकान्यात बसवते. केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक ‘स्वयंरोजगारात’ होते. ह्यात चाळीस वर्षांचा गाळेवाला आहे, किटलीवाला आहे, आणि घरच्या दुकानात बिनपगारी राबणारी सूनही आहे. इतक्या वेगवेगळ्या माणसांना एका शब्दात कोंबल्यावर ‘धंदा का केला’ ह्या प्रश्नाचे एकच उत्तर कसे येईल?

जगभरच्या उद्योजकतेची पाहणी करणारा एक मोठा प्रकल्प आहे, ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर. १९९९ पासून तो चालतो, आणि भारतातले काम अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था पाहते. नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांपुढे तो चार कारणे ठेवतो. जगात काही बदल घडवायचा आहे, भरपूर संपत्ती कमवायची आहे, घरची परंपरा पुढे न्यायची आहे, नोकऱ्या दुर्मीळ आहेत म्हणून पोट भरायचे आहे. एकापेक्षा जास्त कारणांना होकार देता येतो. हे मला पटते, कारण बाजारात ज्यांच्याशी बोललो त्यातल्या कुणालाच एका कारणावर थांबता आले नाही. पण त्या चारांत एक प्रश्न नाही, आणि माझ्या मते तोच आधी विचारायला हवा. तुझ्या ओझ्याला हात कुणी लावला?

आपल्याकडे उद्योजकांच्या गोष्टी ज्या पद्धतीने सांगितल्या जातात त्यात हा हात गाळला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच पाहा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बढती त्यांच्या हक्काची होती, ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगाव गाठले, भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. मराठी माणसाने उद्योग का करावा हे सांगताना ही अपमानाची गोष्ट शंभर वेळा सांगितली गेली आहे, आणि ती खरी आहे. पण बेळगावातली जागा त्यांना सोडावी लागली तेव्हा काय झाले? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्या माळावर. अपमान गिळून घरी गेलेले किती हुशार कारागीर त्या काळात असतील! त्यांच्या वाट्याला औंध आले नाही, म्हणून त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

आता मामांची गोष्ट सांगतो.

मामा पाटण तालुक्यातले. डोंगराकडेची दोन एकर जमीन आणि चार भाऊ. मुंबईला आले ते मशीद बंदरला, गावच्या माणसांच्या ओळखीने टोळीत. पंधरा-वीस जणांत एक खोली, पाळीपाळीने झोपायचे, जेवण खाणावळीत. त्या काळी दाण्याच्या आणि साखरेच्या गोण्या शंभर किलोच्या असत. मामांच्या मानेच्या मागे, पाठ सुरू होते तिथे, कातडे जाड झालेला एक पट्टा होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो, त्यांना ते कळायचेही नाही.

मामांच्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील. स्वतः मुंबईत कष्टाची कामे केलेला हा माणूस हमालांची संघटना बांधत गेला. तोवर हमालाची मजुरी मुकादमाच्या आणि पेढीच्या मर्जीवर असे. आज काम आहे, उद्याचे माहीत नाही. पाय मोडला तर गावी जायचे. मालक कोण हेच कायद्याला सापडत नसे, कारण एक टोळी दिवसभरात दहा पेढ्यांचा माल वाही. ह्यावर १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, आणि त्याची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. व्यापारी आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ स्थापायचे. हमालाची नोंदणी मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी, दवाखाना. मालक दहा असोत की शंभर, माणूस एक आणि त्याचे खाते एक. असंघटित म्हणून सोडून दिलेल्या माणसाला कायम नोकरीसारखी शाश्वती देता येते हे ह्या कायद्याने करून दाखवले. आज अ‍ॅपच्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्या पोरांच्या सुरक्षेबद्दल जगभर चर्चा चालते, तेव्हा मला मशीद बंदरची ती लेव्ही आठवते.

बाजार वाशीला आले तसे माथाडीही आले. कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ इथे सिडकोने त्यांच्यासाठी घरे बांधली. लहान घरे. पण पंधरा जणांच्या खोलीतून निघालेल्या माणसाला स्वतःच्या नावाचा दरवाजा मिळाला, बायकोपोरांना गावाहून आणता आले. कोपरखैरण्यात माथाडींचे रुग्णालय उभे राहिले. मामींचे ऑपरेशन तिथेच झाले, आणि त्या वर्षी घरात कर्ज झाले नाही. तेव्हा मला त्याचे मोल कळले नव्हते.

मामेभावाने डिप्लोमा केला, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागला, चार वर्षांनी कायम झाला. मामांनी पेढे वाटले. आणि तिशी ओलांडल्यावर एके दिवशी त्याने राजीनामा दिला आणि बारदानाचा धंदा काढला. बारदान म्हणजे वापरलेल्या गोण्या. त्या विकत घ्यायच्या, झटकायच्या, निवडायच्या, फाटलेल्या दाभण-सुतळीने शिवायच्या, गठ्ठे बांधून पुन्हा विकायच्या. मामा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. ज्या गोण्यांखाली आपली पाठ मोडली त्या पोराने पुन्हा घरात आणल्या, असे त्यांना वाटले असणार.

का केलेस, असे मी त्याला वेगवेगळ्या वर्षी विचारले आहे. पहिल्या वर्षी म्हणाला, साहेबाची कटकट नको होती. तिसऱ्या वर्षी म्हणाला, पगारात काय भागतं? यंदा गाळ्यात गठ्ठ्यावर बसून बोलत होतो. एक गोणी उचलून त्याने नाकाशी धरली आणि बाजूला टाकली. मिरचीची आहे, म्हणाला, ही तांदळाला दिली तर गिऱ्हाईक परत येणार नाही. मग जरा थांबून म्हणाला, “मला हे येत होतं रे. सातवीत होतो तेव्हापासून येत होतं. कारखान्यात कुणी विचारलंच नाही.”

शाळेच्या सुट्टीत तो मामांबरोबर बाजारात येई. मामा माल वाहत आणि हा रिकाम्या गोण्या मोजी. कोणती साखरेची, कोणती गव्हाची, कोणती किती फेऱ्या टिकेल, कुणाला किती भावाला जाईल हे त्याच्या हाताला कळत होते. येत असलेले काम न वापरता वर्षानुवर्षे राहिले तर ते आत टोचत राहते. कटकट, पगार ही कारणे खोटी नव्हती, पण ती सांगायला सोपी होती. खरे कारण त्यालाही धंद्यात दहा वर्षे काढल्यावर सापडले. म्हणून एखाद्याला दुकान उघडल्याच्या दिवशीच विचारलेल्या कारणावर मी फार भरवसा ठेवत नाही.

पण मला खरा प्रश्न हा वाटतो की त्याला ते कशाच्या जोरावर परवडले. पहिले दीड वर्ष त्याने घरात एक रुपया आणला नाही. घर स्वतःचे होते, भाडे नव्हते. मामांना निवृत्तीला ग्रॅच्युइटी आणि फंड मिळाला होता, त्यातले काही पैसे गाळ्याच्या डिपॉझिटला गेले. अबोला धरलेल्या मामांनीच ते दिले. औषधपाण्याची धास्ती नव्हती. वडिलांच्या पाठीवर चढलेल्या प्रत्येक गोणीमागे व्यापाऱ्याने भरलेली ती लेव्ही वीस-पंचवीस वर्षे साचत राहिली होती, आणि मुलाने नोकरी सोडली त्या दिवशी ती कामाला आली.

हे मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे उलटे सांगण्याची सवय आहे. सुरक्षितता माणसाला मऊ करते, कायम नोकरीच्या मोहाने मराठी माणूस धंद्यात मागे पडला, असे व्यासपीठावरून दर दिवाळीला ऐकतो. मला ते पटत नाही. ज्याचे घर एका महिन्याच्या आजारपणात बुडू शकते तो धोका कसा पत्करेल? अण्णासाहेबांनी हमालाला शाश्वती मिळवून दिली आणि तिच्याच आधारावर त्या हमालाचा मुलगा शाश्वती सोडून देऊ शकला.

मशीद बंदरचे कच्छी आणि गुजराती व्यापारी रक्तातच धंदा घेऊन जन्मतात, असे म्हणतात. जवळून पाहिले तर तिथेही हातच दिसतो. गावाकडून आलेला पोरगा नातेवाइकाच्या पेढीवर झोपे, तिथेच जेवे, झाडलोट आणि तगाद्यापासून सुरुवात करी, मेहताजीच्या शेजारी बसून वही शिके. काही वर्षांनी शेठ त्याला पातीत घेई किंवा माल उधार देऊन वेगळे दुकान काढून देई. बुडाला तर जातीची वाडी, बोर्डिंग, महाजन होते. ही सगळी व्यवस्था त्यांनी आपल्या खर्चाने, पिढ्यान्‌पिढ्या उभी केली, त्याबद्दल आदरच वाटतो. पण तिला रक्त म्हणू नये.

वाशीच्या कांदा-बटाटा, भाजी आणि फळ बाजारात मराठी गाळेवाले भरपूर आहेत, तेही असेच एका आधारावर आले. आडतीच्या धंद्याला सुरुवातीला माल विकत घ्यायचा नसतो. शेतकरी माल पाठवतो, आडत्या विकून देतो, हमाली, तोलाई वजा करून पट्टी पाठवतो. भांडवल लागते ते एकच, गावाचा विश्वास. जुन्नर-आंबेगावकडचा मुलगा भाजीच्या गाडीबरोबर बाजारात येऊ लागला, दोन वर्षे दुसऱ्याच्या गाळ्यावर राहिला, आणि गाव म्हणाले की आपला माल आता ह्याच्याकडेच उतरव. हापूसच्या हंगामात फळ बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतात. तोंडाने एक अक्षर निघत नाही, आणि लाखोंचा व्यवहार पुरा होतो. शब्द फिरवला तर पुढच्या हंगामात त्या रुमालाखाली कुणी हात घालत नाही. ह्या धंद्यांत पैशाइतकेच माणसाला आपले नाव प्यारे असते. गाळ्यावरच्या पाटीवर वडिलांचे नाव लावून खाली ‘अँड सन्स’ लिहिणाऱ्याचा चेहरा पाहावा.

हाताऐवजी माणसाच्या मनाकडे पाहणारेही आहेत. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्यात एक प्रयोग केला. गावातल्या व्यावसायिकांना दहा दिवस शिबिरात बसवून त्यांची कर्तृत्वाची आस जागवायची, मग ते काय करतात ते पाहायचे. शिबिरातून गेलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त हालचाल केली, नवे धंदे काढले. आज जिल्ह्याजिल्ह्यांत जी उद्योजकता शिबिरे भरतात त्यांचे मूळ ह्या विचारात आहे. शिबिरे वाईट नाहीत. पण काकिनाड्याच्या शिबिरात बसलेली माणसे आधीच व्यवसायातली होती हे विसरून चालणार नाही. भिंत बांधलेली होती, गिलावा दिला तर तो टिकला.

बायकांच्या धंद्यांकडे वळलो की ‘आवड’, ‘स्वातंत्र्य’ हे शब्द आणखी जपून वापरावे लागतात. गिरणगावात हजारो बायका खाणावळी चालवत. नवरा गेला, टाकून दिले, पगार दारूत गेला, गिरणी बंद पडली. दहा-पंधरा गिरणी कामगारांना दोन वेळचे डबे करून घालायचे, ते पगाराला पैसे देणार, तोवर वाण्याचे आणि सावकाराचे देणे. गोवा मुक्तिसंग्रामात लढलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ मध्ये ह्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिले. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नव्हते त्या एकमेकींना जामीन राहिल्या. सावकाराचा पाश सुटला तेव्हा त्याच खाणावळीचा धंदा झाला. १९८२ च्या संपात गिरण्या थंडावल्या आणि जेवणारेच गावी गेले, तेव्हा संघटना होती म्हणून अनेकींना दुसरी वाट शोधता आली. मंडळाने वाशीतही वास्तू उभारली, तिथे बायकांना राहायला आधार आणि शिकायला काम मिळाले. माझे मामा मशीद बंदरला जेवत ते अशाच एका बाईच्या हातचे. तिचे नाव त्यांना कधीच कळले नाही, सगळे तिला मावशी म्हणत.

लिज्जतचे तर सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९, गिरगावातली गच्ची, सात गुजराती बायका, उसने आणलेले ऐंशी रुपये. त्या ऐंशी रुपयांची गोष्ट मोठी केली जाते. मला मोठी वाटते ती पुढची व्यवस्था, की पापड लाटणारी प्रत्येक जण सभासद आणि म्हणून मालक, कालवलेले पीठ केंद्रावरून न्यायचे, पापड आणून द्यायचे, मजुरी रोखीत. जी बाई एकटीने उडदाची डाळ खरेदी करायला बाजारात उभी राहू शकली नसती, तिला धंद्यातला आपला वाटा घरात बसून उचलता आला.

वाशी, जुहूगाव, कोपरखैरणे, घणसोलीच्या मूळ गावकऱ्यांकडे धंदा आला तो दाराने नाही, छप्पर उडाले म्हणून. ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली. ह्या भूसंपादनाविरुद्ध लोक उठले, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. शेती आणि मिठागरे गेली, खाडीतली मासळी सांडपाण्याने कमी झाली. मग कुणी डंपर घेतले, कुणी पाण्याचे टँकर, कुणी बांधकामाला माल पुरवू लागले, कुणी चाळी बांधून भाडी घेतली. ज्यांना भूखंड हाती मिळाला ते टिकले. ज्यांनी तो गरजेपोटी आधीच स्वस्तात विकून टाकला, त्यांची मुले त्याच जागेवरच्या टॉवरखाली वॉचमन आहेत. ही तुलना करायला मला आनंद होत नाही. दोघांची इच्छा सारखी होती, हिंमतही सारखी होती.

दरवर्षी २५ सप्टेंबरला, अण्णासाहेबांच्या जयंतीला, कांदा-बटाट्याच्या लिलावगृहात माथाडींचा मेळावा भरतो. अण्णासाहेबांचा शेवट दुःखद झाला. २२ मार्च १९८२ ला आर्थिक निकषावर आरक्षणासाठी त्यांनी मुंबईत प्रचंड मोर्चा नेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचे आयुष्य संपवले. १९९८ मध्ये सरकारने त्यांच्या नावाने आर्थिक मागासांसाठी विकास महामंडळ काढले. आज ते मुख्यतः मराठा तरुणांच्या धंद्याला पाठबळ देते. रीत अशी की कर्ज बँक देते, तरुण वेळेवर हप्ते भरतो आणि पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज महामंडळ ठरलेल्या मर्यादेत परत करते. ज्यांनी हमालाला नोकरदारासारखे हक्क मिळवून दिले त्यांच्या नावाने आज मालक घडवायचे काम चालते, आणि दोन्हींत मला विसंगती दिसत नाही. मात्र योजनेची एक उणीव सांगितली पाहिजे. व्याजाचा हात लागतो तो बँकेने गोणी उचलून दिल्यावर. ज्याच्याकडे तारण नाही, जामीन नाही, सिबिल स्कोअर नाही, तो शाखेच्या दारातूनच परततो. मामेभाऊ पहिल्या खेपेला एका बँकेतून असाच परतला होता. कारखान्यातला पगार सुरू असताना तीच बँक त्याच्या मागे कर्ज घ्या म्हणून लागली होती.

मे २०२० मध्ये कोरोनाची लागण वाढल्यामुळे बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला. त्या महिन्यांत वाशीच्या सोसायट्यांच्या फाटकांवर नवे भाजीवाले उभे राहिले. कुणी रिक्षा चालवणारा, कुणी जिममध्ये शिकवणारा, कुणी हॉटेलातला आचारी. घराघरांतून मोदक, बिर्याणी, केक निघू लागले. तेव्हा वर्तमानपत्रांनी ह्याला जिद्द म्हटले आणि ती जिद्द होतीच. पण माझ्या इमारतीच्या फाटकावरच्या सहा जणांपैकी आज एक उरला आहे. बाकीचे पहिल्या संधीला नोकरीवर परतले. त्यांना अपयशी म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. जो उरला त्याचा सासरा भाजी बाजारात गाळ्यावर होता, त्याला उधारीवर माल मिळत होता.

यंदा मामेभावाच्या गाळ्यात बसलो होतो तेव्हा दोन मुले गोण्या शिवत होती. एक बीडकडचा, दुसरा उत्तर प्रदेशातला. दाभण टोचून बोटे चिरलेली. दोघेही हुशार, उत्तर प्रदेशातला तर गोणी हातात धरून सांगतो की हिच्यात आधी काय होते. उद्या हाही गाळा काढेल, असे मी म्हणालो. मामेभाऊ हसला, म्हणाला, काढू दे की, मीच माल देईन. मग मी विचारले, ह्यांचा फंड भरतोस का? तो जरा गप्प झाला. दोनच तर माणसं आहेत, म्हणाला, कायदा लागत नाही आपल्याला. मामा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला कमी ऐकू येते. एवढे मात्र त्यांनी ऐकले आणि इतकेच म्हणाले, “मला कुणीतरी भरला होता.”

बीडच्या मुलाचे बँकेत खाते उघडले आहे आणि त्याच्या विम्याचा पहिला हप्ता मामेभावाने भरला आहे. उत्तर प्रदेशातल्या मुलाचे कागद गावाहून यायचे आहेत, ते तुळशीच्या लग्नापर्यंत येतील असे मामेभावाने सांगितले आहे. मी तेव्हा पुन्हा जाणार आहे.